दुभंगलेल्या मनाचा घोळ

‘स्किझोफ्रेनिया’ या शब्दाची फोड केली की ‘दुभंगलेले मन’ असा अर्थ निघतो आणि सामान्य वाचकाला करून दिलेली ओळख अनेकदा तिथेच संपते. मग एकाच माणसात दोन माणसे नांदतात, अशी समजूत होऊन बसते. एकात दोन माणसांचा तो आजार निराळा. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये हा शब्द वापरला, तेव्हा त्याला विचार, भावना आणि वर्तन यांची सुटलेली सांगड अभिप्रेत होती. घरच्यांना दिसते ते असे: कुणी नसताना आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर टपले आहे ही कशानेही न हलणारी खात्री, बोलण्याचा तुटलेला धागा. आपली ‘छिन्नमनस्कता’ही त्या ग्रीक फोडीचाच तर्जुमा. तर्जुमा चोख, समज चुकीची. जपानीतही ‘मन दुभंगण्याचा रोग’ असेच नाव होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीनंतर २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदलले. त्यानंतर रुग्णाला निदान स्पष्ट सांगितले जाण्याचे प्रमाण तीनेक वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या घरात गेले.

म्हणून मानसशास्त्रातल्या संज्ञेचा अर्थ सांगताना तिचे कुंपणही सांगायला हवे: किती दिवस, किती तीव्र, जगण्यात किती अडथळा आणि कशाला हे नाव द्यायचे नाही. ‘डिप्रेशन म्हणजे नैराश्य’ हे कोशात चालेल, वृत्तपत्रात नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत नऊ लक्षणे आहेत. त्यांतली किमान पाच दोन आठवडे टिकायला हवीत आणि उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक त्यांत असायलाच हवे. म्हणजे ‘मी उदास आहे’ असे कधीही न म्हणणाऱ्यालाही डिप्रेशन असू शकते. अन्नावरची वासना उडालेले, पहाटेच जाग येणारे, नातवंडांतही मन न रमणारे आजोबा घरच्यांना नुसते थकलेले वाटतात, कारण ‘नैराश्य’ या शब्दात ते बसत नाहीत. उलट डबे ओळीने लावणाऱ्या टापटिपीच्या बाईला मात्र सहज ‘ओसीडी’ चिकटवले जाते. त्या आजारात नको असलेला विचार आणि त्यावर उतारा म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती माणसाचे रोजचे तास खातात. त्यात हौस कसली?

भाषा लोकांची, तिला कुंपण कशाला, असा आक्षेप येईल. मानसशास्त्रज्ञ आडलरचा ‘न्यूनगंड’ आपण घराघरांत वापरला, कुणाचे काय बिघडले? काही नाही, कारण न्यूनगंडावर कुणाची सोयरीक मोडत नाही. स्किझोफ्रेनियावर मोडते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शब्द सैल झाल्यानेच लाज कमी झाली, लोक बोलू लागले. हे बऱ्याच अंशी खरे. पण अशा संज्ञा सौम्य त्रासांपर्यंत पसरत चालल्या आहेत, हे निक हॅस्लम या मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये दाखवून दिले होते. प्रत्येक कंटाळवाण्या रविवारचे नाव डिप्रेशन झाले की खरोखर आजारी माणसाच्या वाट्याला ‘अरे, मलाही होतं, चहा घे’ एवढेच येते. राहिली भीती लक्षणांच्या बाराव्या दिवशी असलेल्या माणसाची, ‘अजून दोन आठवडे झाले नाहीत’ म्हणून तो गप्प बसेल याची. दोन आठवड्यांची अट निदानासाठी आहे, मदत मागायला ती लागत नाही. हे वाक्य आणि सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक व्याख्येखालीच छापावा. जागा फार लागत नाही.