गोळी द्यायची की नाही?

शाळेतून चिठ्ठी येते : मुलाचे लक्ष नसते, जागेवर बसत नाही, इतरांना त्रास देतो. आजी म्हणते, ‘पोट्टं आहे, धिंगाणा घालणारच. याचा बाप याहून वांड होता.’ आई मात्र गप्प असते, कारण अर्धवट सोडलेल्या वह्या तिने पाहिलेल्या असतात. अमरावती-अकोल्याकडच्या अनेक घरांत एडीएचडी ही अक्षरे अशाच एखाद्या चिठ्ठीच्या पाठोपाठ येतात, आणि मग मेथिलफेनिडेट या गोळीचा प्रश्न.

या विकाराचे निदान रक्ताच्या तपासणीत होत नाही. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. म्हणजे ज्या डॉक्टरने शाळेकडून काहीच विचारले नाही, त्याच्या चिठ्ठीवर लगेच विसंबू नये, असे आमचे मत आहे.

औषध मात्र निरुपयोगी नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. नीट मात्रा ठरवून, दरमहा तपासून दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक आटोक्यात आली. पण त्याच मुलांना तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा गटागटांतला फरक उरला नव्हता. गोळीने भूक मंदावते, झोप उडू शकते, उंचीची वाढ किंचित रेंगाळते; म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब वरचेवर मोजावे लागतात. सकाळी पोटभर खाऊ घालून मग गोळी, हे आयांना कुणी शिकवावे लागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी पालकांचे प्रशिक्षण, औषध नंतर, हाच रिवाज आहे.

खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपायची आणि विक्रीला परवानाही वेगळा. त्यामुळे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही आणि ‘हे नशेचं औषध’ अशी कुजबुज सुरू होते. ठरल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने मूल व्यसनी होते, असे दीर्घकाळच्या पाहण्यांत आढळलेले नाही. भरीस भर म्हणजे २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध फोनवरून वा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सल्ला मिळतो, पण या गोळीच्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांसमोर जाऊनच बसावे लागते.

कायद्याची ही सावधगिरी चुकीची नाही. तिचा भार कुणावर पडतो, हा प्रश्न आहे. शहरात राहणाऱ्याची संध्याकाळ जाते, दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या मजूर बापाची दिवसाची मजुरी. दोन-तीन महिन्यांत तो थकतो, गोळी मध्येच सुटते, आणि शाळा म्हणते औषधाचा उपयोग झाला नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसले आणि औषध तिथेच मिळाले, तर हा बाप काय ठरवील ते निराळे असेल. तोवर डॉक्टरांकडे जाताना गुरुजींच्या हातचे आठवड्याचे टिपण सोबत न्यावे. लक्ष किती वेळ टिकले, डबा किती खाल्ला, एवढे दोन रकाने पुरतात.