इलेक्ट्रिक गाडी घ्या, पण शोरूमला जायच्या आधी घरातला प्लग बघा

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न राजकारणाचा नाही. "इलेक्ट्रिक घेऊ का?" हा आहे. डॉक्टर विचारतात, मास्तर विचारतात, आडत दुकानदार विचारतात आणि आता स्टँडवरचे गाडीवाले पण विचारायला लागलेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण गाडी दहा-पंधरा लाखांची आहे. दहा मिनिटं द्या.

मी गाड्यांचा तज्ज्ञ नाही. बातमीदार आहे. म्हणून वायरमनला विचारलं, गाडी वापरणाऱ्यांना विचारलं, लाईटबिलं मांडून बसलो. त्यातून मला जे दिसलं ते असं की गाडी चालते का, हा प्रश्न आता बऱ्यापैकी सुटलाय. आपल्या बार्शीसारख्या गावात खरा प्रश्न ती रात्री उभी कुठं राहणार आणि तिथं वायर पोचते का, हा आहे.

आधी पैशाचा हिशोब करू.

पेट्रोल लिटरला १०५ धरा. गाडी १५ चं ॲव्हरेज देते म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी किलोला ९० आणि ॲव्हरेज २५ धरलं तर साधारण ३ रुपये ६० पैसे. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला, चार्जिंगमधली गळती धरून, ६ किलोमीटर चालते असं समजू. कंपनीचा आकडा जास्त असतो. २०२० साली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३०.२ युनिटच्या बॅटरीवर कागदावर ३१२ किलोमीटर होते, रस्त्यावर लोकांना दोनशेच्या आसपास मिळाले. म्हणून मी ६ धरतो.

आता वीज. स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. महिन्याला १५०० किलोमीटर फिरलात तर २५० युनिट वाढले. घराचे आधीचे दीडशे असतील तर चारशे झाले, म्हणजे तुम्ही ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये गेलात. "घरी चार्ज केली की रुपयाला किलोमीटर" असं जे सांगतात ते हा स्लॅब सांगत नाहीत. वीज आकार, वहन आकार, शुल्क सगळं मिळून गाडीचं युनिट १५ रुपयांना पडतं असं धरा. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. तुमचं बिल समोर ठेवून स्वतःचा आकडा काढा.

आणि बाहेर, हायवेच्या फास्ट चार्जरवर? युनिटचा दर बऱ्याच ठिकाणी २० ते २५ रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी. गाडीवर जीएसटी ५ टक्के, चार्जर विकत घेतला तर ५ टक्के, पण चार्जिंगच्या सेवेवर १८! हे गणित साडेतीन-चार रुपये किलोमीटरवर जातं.

म्हणजे बघा. घरी चार्ज केली तर अडीच रुपये, पेट्रोलच्या जवळपास एक तृतीयांश. बाहेर चार्ज केली तर सीएनजीएवढा किंवा थोडा जास्तच खर्च, वर तासभर थांबायचं. फायदा सगळा घरच्या प्लगमध्ये आहे. ज्याच्याकडे प्लग नाही त्याने कितीही भारी गाडी घेतली तरी त्याला फायदा नाही.

मग हा प्लग कुणाकडे आहे?

बंगला, रोहाऊस, पोर्च असलेल्याकडे आहे. माझ्या ओळखीचे एक मास्तर शाळेत जाऊन येऊन दिवसाला वीस किलोमीटर करतात. महिन्याला पाचशे. त्यांच्याकडे पोर्च आहे, मीटर स्वतःचं आहे. वाचतील महिन्याला दोन-सव्वादोन हजार. चांगलंच आहे.

दुसरा माझ्या ओळखीचा गाडीवाला. बार्शी-सोलापूर, कधी लातूर, कधी पेशंट घेऊन पुणे. महिन्याला चार हजार किलोमीटर सहज. ज्याचं सगळ्यात जास्त वाचायला पाहिजे असा माणूस. राहतो भाड्याच्या दोन खोल्यांत, मीटर मालकाच्या नावावर, गाडी रात्री गटाराच्या कडेला. मला म्हणाला, "दादा, मालक फ्रिज लावला तरी बिलावरून बोलतो, गाडी लावू देईल का?"

सगळ्या चर्चेत हरवलेली गोष्ट हीच आहे. ज्याची गाडी पाचशे किलोमीटर चालते त्याच्याकडे प्लग आहे. ज्याची चार हजार चालते त्याच्याकडे नाही.

आता चार्जरबद्दलची भीती जरा कमी करतो. साधा चार्जर, जो गाडीबरोबर येतो आणि १५-१६ अँपियरच्या सॉकेटला लागतो, तो ३.३ किलोवॉटचा असतो. पाच एचपीची शेतातली मोटार किती? ३.७ किलोवॉट. म्हणजे गाडीचा साधा चार्जर तुमच्या विहिरीवरच्या मोटारीपेक्षा लहान आहे. तीस युनिटची बॅटरी त्यावर रिकामीपासून भरायला नऊ-दहा तास लागतात. पण रोज रिकामी कोण करतो? पन्नास-साठ किलोमीटर चाललेली गाडी तीन तासांत परत भरते.

म्हणून "आपल्याकडे लाईट जाते, कसली इलेक्ट्रिक गाडी" हा आक्षेप मला अर्धाच पटतो. रात्री आठ ते सकाळी सात अकरा तास गाडी उभी आहे. त्यात दोन तास लाईट गेली तरी गाडी भरलेली असते. गेलेल्या लाईटपेक्षा त्रास दोन वेगळ्या गोष्टींचा आहे: कमी व्होल्टेज आणि अर्थिंग. बरेच चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाहीत. आपल्या जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कुठं आहे हे घरमालकाला माहीत नसतं. वायरिंग पंचवीस वर्षांपूर्वीचं, दिवे-पंख्याच्या हिशोबाचं. त्यावर सलग सात-आठ तास १५ अँपियर ओढले तर सॉकेट वितळतं. तेव्हा गाडी बुक करायच्या आधी चांगल्या वायरमनला बोलवा. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, नवीन अर्थिंग, आणि मंजूर भार कमी असेल तर वाढवायचा अर्ज. एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी चार्ज करू नका. हात जोडून सांगतो.

मग डीपीचा प्रश्न. गल्लीत एक गाडी असेल तर काही होत नाही. ७ किलोवॉटचे वॉलचार्जर असलेल्या दहा गाड्या एकाच गल्लीत रात्री दहाला लागल्या तर ७० किलोवॉट झाले. १०० केव्हीएच्या डीपीवर मे महिन्यात आधीच एसी, कूलर चालू असतात. आज हा प्रश्न नाही, पाच वर्षांनी असेल. डीपी जळाल्यावर धावपळ करायची की आत्ता मोजायचं, एवढंच ठरवायचंय.

आता लांबचा प्रवास. बार्शी ते पुणे दोनशेच्या वर किलोमीटर. लहान बॅटरीची गाडी एका दमात भरवशाने पोचत नाही, मोठी पोचते. पण परत यायला चार्जिंग लागणारच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं होतं की हायवेवर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना आणि शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत एक चार्जिंग स्टेशन असावं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरची भाषा आहे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत. कागद चांगला आहे.

पण नकाशावर टिंब असणं म्हणजे चार्जर चालू असणं नव्हे. एका मित्राची गोष्ट सांगतो. हॉटेलच्या मागं चार्जर, त्याच्यापुढं डिझेल गाडी लावलेली. ती काढली तर ॲप उघडेना. ॲप उघडलं तर वॉलेटमध्ये आधी पैसे भरा. भरले तर चार्जर मध्येच बंद. हॉटेलवाला म्हणतो, "आमचा नाही साहेब, कंपनीचा आहे." पेट्रोल पंपावर निदान माणूस असतो. शिवाय फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग कमी होतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी थांबणाराचा आणि मागच्या रांगेचा दोघांचाही वेळ जातो. ऐंशीला काढा आणि निघा.

टोलमाफीचं बरेच जण सांगतात. माफी समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर आहे. आपल्यातला माणूस महिन्यातून किती वेळा अटल सेतूवरून जातो?

मग हे काम कसं करायला पाहिजे, याचं उदाहरण लांब शोधायला नको. १ जून २०२२ ला एसटीची पहिली शिवाई पुणे-नगर मार्गावर धावली. १९४८ साली पहिली एसटी धावली तोच मार्ग. तिथं आधी मार्ग ठरला, चार्जिंगची जागा ठरली, मग बस सुटली. आपण मोटारींच्या बाबतीत उलटं करतोय. आधी गाडी विकतो, मग वायर शोधतो.

आणि मोठा चार्जर म्हणजेच विकास, हा एक गैरसमज आहे. एक ६० किलोवॉटचा फास्ट चार्जर म्हणजे पाच एचपीच्या सोळा मोटारी एका जागी. त्याला डीपी, जागा, मोठा खर्च. त्याच भारात ३.३ किलोवॉटचे अठरा साधे पॉइंट बसतात. गाडी दिवसातले बावीस तास उभीच असते. जिथं उभी असते तिथं साधा पॉइंट द्या, फास्टची गरज आपोआप कमी होते. गावात एखाद-दुसरा फास्ट चार्जर पुरे, आणि तो दवाखान्यांच्या बाजूला हवा. मराठवाड्यातून पेशंट घेऊन गाड्या बार्शीत येतात आणि तीन-चार तास थांबतात.

आणखी एक गोष्ट. उन्हाची आपल्याकडे कमी नाही. दुपारी सौर वीज भरपूर असते, म्हणून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिवसा ९ ते ५ सवलत द्यायला सुरुवात झालीय. पण गाडी दिवसा घरी नसते! ती शाळेपुढं, कोर्टापुढं, बँकेपुढं उन्हात तापत उभी असते. त्या पार्किंगवर पत्र्याऐवजी सोलर पॅनल टाकले तर सावली पण मिळेल आणि चार्जिंग पण. घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं तर केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे आणि महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट तयार होतात. १५०० किलोमीटरला लागतात २५०. ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची आहे त्यांनी गाडी आणि सोलर एकत्रच हिशोबात धरावं. "कोळशाच्याच विजेवर तर चालते" म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर आहे हे त्यांचं म्हणणं खरंच आहे.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत.

एक, नगरपालिकेनं मार्केट यार्ड, एसटी स्टँड, दवाखान्यांचा परिसर आणि दोन-तीन मोकळ्या जागा मिळून साधे पॉइंट बसवावेत. सार्वजनिक चार्जिंगला विजेचा वेगळा दर आहे, त्याचा फायदा रात्री गाडीवाल्यांना द्या. गाडी लावायला जागा, वर दिवा, राखण करायला माणूस. पार्किंगचं भाडं घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

दोन, नवीन अपार्टमेंटला परवानगी देताना पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय बघा. केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमांत २०१९ पासून २० टक्के पार्किंगसाठी ती सांगितली आहे. इमारत बांधताना पाइप टाकून ठेवायला फारसा खर्च नाही. नंतर फरशी फोडायला आहे.

तीन, सोसायट्यांनी अडवाअडवी थांबवावी. आपल्याच मीटरवरून आपली गाडी चार्ज करायला केंद्राच्या २०२२ च्या सूचनांनी मुभा दिली आहे. सुरक्षेच्या अटी जरूर घाला, पण नुसतं "नको" म्हणू नका.

चार, जिथं चार्जर आहे तिथं बंद पडला तर कुणाला फोन करायचा याचा बोर्ड, आणि पुढं दुसरी गाडी लावणाऱ्याला दंड.

आणि "घेऊ का?" विचारणाऱ्यांना माझं उत्तर. स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचं मीटर आहे, महिन्याला हजाराच्या वर किलोमीटर होतात, बहुतेक प्रवास सोलापूर-लातूरच्या आत आहे, तर बिनधास्त घ्या. महिन्याला पाचशे किलोमीटरच होत असतील तर पेट्रोल गाडीशी किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते आधी काढा. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झालाय, त्यामुळे तो फरक वाढलाय. आणि पार्किंगच नसेल तर आज घेऊ नका. त्यात तुमची चूक नाही. ती सोय करणं गावाचं काम आहे.

मी एक यादी करतोय. तुमची चारचाकी रात्री कुठं उभी असते (घरात, रस्त्यावर की भाड्याच्या जागेत), महिन्याला किती चालते आणि तुमचा भाग कोणता, एवढं खाली लिहा. गाडीवाल्यांनी तर नक्की लिहा. नावं न देता ती यादी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. "मागणीच नाही" हे उत्तर मला याआधी बऱ्याच विषयांत मिळालंय. यावेळी मागणी मोजून घेऊन जाऊ.