उपचारांचा खर्च दिसतो, मुक्कामाचा दिसत नाही

मूल होण्यासाठी उपचार घ्यायचे ठरले, की बहुतेक जोडप्यांचा पहिला प्रश्न असतो, 'एका वेळचा खर्च किती?' रुग्णालय त्याचे उत्तर एका आकड्यात देते. त्या आकड्याची जुळवाजुळव करण्यासाठी मुदतठेव मोडली जाते, दागिने तारण ठेवले जातात, पतसंस्थेचे कर्ज काढले जाते. प्रत्यक्षात गाव सोडून पुण्या-मुंबईच्या लॉजवर राहायला लागल्यावर ध्यानात येते, की रुग्णालयाचा आकडा हा निम्माच हिशेब होता. खोलीचे भाडे, खानावळ, रिक्षा, गावाकडच्या खेपा आणि बुडालेली मजुरी यांचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. पहिला प्रयत्न कसाबसा पार पडतो. तो फसला, की दुसऱ्यासाठी पैसे उरलेले नसतात. अनेकांचा उपचार वैद्यकीय कारणाने नव्हे, तर या न मांडलेल्या खर्चाने थांबतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 'टेस्ट ट्यूब बेबी'चा जन्म झाला, तेव्हा ही बातमी चमत्कार म्हणून वाचली गेली. आज आयव्हीएफ हा शब्द तालुक्याच्या गावातील भिंतींवरही दिसतो. जगात दर सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले. उपचार करून घेणारे सर्व थरांत आहेत. उपचारांची केंद्रे मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. खर्चाचा खरा प्रश्न या अंतरातून निर्माण होतो.

दिवसांचा हिशेब आधी

या उपचारांत रुपयांआधी दिवस मोजावे लागतात. नेहमीच्या पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासणी होऊन इंजेक्शने सुरू होतात. ती साधारण दहा ते बारा दिवस चालतात. या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून स्त्रीबीजांची वाढ पाहिली जाते. वाढ पुरेशी झाली की शेवटचे इंजेक्शन दिले जाते आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजे काढली जातात. प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणाचे रोपण तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी होते. गर्भधारणा झाली की नाही, हे सांगणारी रक्तचाचणी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी.

यातील कोणताही टप्पा तारखेने बांधलेला नाही. पाळी चार दिवस लांबली, की सगळे वेळापत्रक पुढे सरकते. स्त्रीबीजांची वाढ मंद असेल, तर इंजेक्शने दोन दिवस वाढतात. कित्येकदा त्याच महिन्यात रोपण न करता भ्रूण गोठवून ठेवण्याचा निर्णय होतो. तसे झाले, तर पुढच्या एखाद्या महिन्यात पुन्हा शहराची वारी आलीच. ही शक्यता बहुतेक जोडपी अंदाजपत्रकात धरतच नाहीत.

उदाहरणादाखल लातूरच्या एका जोडप्याचा हिशेब मांडू. पुढील सर्व दर गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले दर त्या जागी घालावेत. उपचार पुण्यात आहेत. खोली दिवसाला १,००० रुपये, दोघांचे जेवण-चहा ६०० आणि शहरातील ये-जा सरासरी २०० धरली, तर रोजचा खर्च १,८०० रुपये होतो. दोघेही सुरुवातीपासून रोपणापर्यंत २० दिवस पुण्यात राहिले, तर मुक्कामाचे ३६,००० रुपये होतात. एसटीचा जाण्या-येण्याचा खर्च १,७०० रुपये. पती रोज ७०० रुपये कमावणारा असेल, तर २० दिवसांची बुडालेली मिळकत १४,००० रुपये. एकूण ५१,७०० रुपये. रुग्णालयाला दिलेला एक रुपयाही यात नाही. दोन प्रयत्न करावे लागले, तर हीच रक्कम १,०३,४०० रुपयांवर जाते. पत्नी स्वतः कमावती असेल, तर तिची मिळकतही यात धरावी लागेल.

आता दुसरा मार्ग पाहू. पहिल्या भेटीनंतर इंजेक्शनांच्या काळातील सोनोग्राफी लातुरातच झाली आणि अहवाल पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला गेला, तर पुण्यातील मुक्काम सुरुवातीचे दोन आणि अखेरचे आठ, असा दहा दिवसांवर येतो. मुक्कामाचे १८,००० रुपये, दोन खेपांचे ३,४००, गावी केलेल्या चार सोनोग्राफींचे प्रत्येकी १,००० प्रमाणे ४,००० आणि दहा दिवसांची बुडालेली मिळकत ७,००० रुपये धरली, तरी बेरीज ३२,४०० रुपये होते. एकाच प्रयत्नात १९,३०० रुपये वाचतात. अशी विभागणी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत शक्य असेलच असे नाही. स्थानिक सोनोग्राफीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा विश्वास असणे आवश्यक आहे. मात्र हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा. न विचारल्यामुळे कित्येकजण वीस दिवस लॉजवर काढतात.

पतीच्या उपस्थितीचेही तसेच. सुरुवातीच्या तपासण्या, संमतिपत्रे आणि स्त्रीबीजे काढण्याचा दिवस, एवढ्यापुरती त्याची गरज असते. पतीचा नमुना आधीच गोठवून ठेवण्याची सोय असेल, तर त्यातही सवड मिळते. अर्थात अशा काळात पत्नीला एकटीला लॉजवर ठेवणे कुणालाही नको वाटते. अशा वेळी तिची आई किंवा बहीण सोबत येऊ शकली, तर पतीची रोजी वाचते आणि पत्नीला आधारही मिळतो.

रोपणानंतरचा मुक्काम हा आणखी एक वाढीव खर्च. प्रवासाच्या धक्क्यांनी सारे वाया जाईल, या भीतीने अनेक जोडपी रक्तचाचणीपर्यंत शहरातच थांबतात. रोपणानंतर दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने यशाची शक्यता वाढते, असे संशोधनातून दिसलेले नाही. कधी निघावे, हे डॉक्टरांनीच सांगायचे, पण ते स्पष्टपणे विचारून घ्यायला हवे. रक्तचाचणी गावच्या प्रयोगशाळेतही होते. स्त्रीबीजे काढल्यानंतर पोट फुगणे, उलट्या, दम लागणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे जावे लागते. बीजकोश अतिउत्तेजित झाल्याची ती चिन्हे असू शकतात. म्हणून त्या दिवसांत शहर सोडण्याची घाई करू नये आणि चार दिवसांचा जादा मुक्काम अंदाजपत्रकात धरलेला असावा.

खोली निवडतानाही केवळ भाडे पाहून भागत नाही. काही इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. शीतकपाट नसलेली स्वस्त खोली अशा वेळी महाग पडते. रुग्णालयापासून दूरची खोली भाड्यात वाचवते, तेच पैसे रिक्षाला जातात. पंधरा दिवसांहून अधिक राहायचे असेल, तर स्वयंपाकाची सोय असलेली खोली ठोक दराने मिळते का, हे विचारणे फायद्याचे ठरते.

सवलतींच्या यादीत स्थान नाही

कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार अशा ठरावीक आजारांच्या रुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत देते. वंध्यत्व त्या यादीत नाही. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, पण येथे तारीख कळते ती चार दिवस आधी. मग उरते ते तत्काळ तिकीट. त्याला दर जास्त, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. त्यामानाने एसटी सोयीची. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी वारंवार खेपा करणाऱ्या महिलेला या सवलतीचा मोठा आधार आहे.

विम्याची स्थिती याहून निराशाजनक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा निश्चित केली, तेव्हा वंध्यत्व आणि आयव्हीएफसारखे उपचार यांसाठी त्यात स्वतंत्र कलम ठेवण्यात आले. बहुसंख्य पॉलिसींमध्ये ते कलम आढळते. काही मोजक्या पॉलिसी हा खर्च देतात, पण तेथे प्रतीक्षा कालावधी आणि रकमेची मर्यादा असते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतूनही हे उपचार वगळलेले आहेत.

रजेचा प्रश्नही असाच आहे. मातृत्व लाभाच्या केंद्रीय कायद्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी महिलेला दोन आठवड्यांची पगारी रजा आहे, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आहे. मूल व्हावे म्हणून चाललेल्या उपचारांसाठी मात्र स्वतंत्र रजेची तरतूद नाही. त्यामुळे अर्जित रजा संपते आणि पुढे बिनपगारी रजा सुरू होते. ती रक्कम पगाराच्या चिठ्ठीत दिसते, उपचारांच्या खर्चात कुणी लिहीत नाही.

गुप्ततेची किंमत

या खर्चाला आणखी एक सामाजिक बाजू आहे. इतर कोणत्याही आजारात शहरातील काका, मावशी, मित्र यांच्या घरी उतरणे ही आपल्याकडची रीत आहे. येथे नेमके उलट घडते. पुण्यात सख्खे नातलग असताना जोडपे लॉजवर राहते, कारण कुणाला कळू द्यायचे नसते. 'कशासाठी आलात?' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते आणि अपयश आले, तर सहानुभूतीही नको असते. कार्यालयातही खरे कारण सांगितले जात नाही, त्यामुळे मिळू शकणारी तडजोडही मागता येत नाही. धर्मशाळांचीही तीच गत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी बाहेरगावच्या गरीब रुग्णांना वर्षानुवर्षे आधार दिला आहे. मूल होण्यासाठी आलेल्या जोडप्याला मात्र समाज रुग्ण मानत नाही आणि ते जोडपेही स्वतःला तसे म्हणवून घेत नाही. कलंकाच्या भीतीचे हे मोल रोजच्या भाड्याच्या रूपाने चुकवले जाते.

अंतराचे धोरण हवे

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. केंद्रांची नोंदणी बंधनकारक झाली, उपचारांसाठी स्त्रीचे वय ५० आणि पुरुषाचे ५५ वर्षांपेक्षा कमी असण्याची अट आली. यशाची शक्यता, धोके आणि प्रक्रियेचा खर्च जोडप्याला सांगणे केंद्रांवर बंधनकारक करण्यात आले. ही तरतूद स्वागतार्हच आहे. मात्र 'प्रक्रियेचा खर्च' ही व्याख्या केंद्राच्या दाराशी संपते. किती दिवस राहावे लागेल, किती वेळा यावे लागेल, त्यातील किती भेटी गावाजवळ होऊ शकतील, हे लेखी देण्याची सक्ती नाही. ती करायला सरकारला फारसा खर्च येणार नाही.

सरकारी पातळीवर काही हालचाल झाली आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये आयव्हीएफ केंद्र सुरू झाले. गोव्याने त्याआधी, २०२३ मध्ये, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफची सोय केली. या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. पेडणे असो वा काणकोण, गोव्यातील जोडपे सकाळी बांबोळीला जाऊन संध्याकाळी घरी परतू शकते. गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या जोडप्याला मुंबईतील स्वस्त उपचार लॉजच्या भाड्याने महाग होतात. छोट्या राज्यात एक केंद्र पुरते. महाराष्ट्रासारख्या राज्यात विभागवार केंद्रे नसतील, तर सवलतीचा लाभ प्रामुख्याने जवळ राहणाऱ्यांनाच मिळतो. निदान सोनोग्राफी आणि रक्तचाचण्यांचा टप्पा जिल्हा रुग्णालयांतून करून घेतला, तरी मुक्कामाचे कितीतरी दिवस वाचतील.

तोवर जोडप्यांना स्वतःच हिशेब मांडावा लागणार आहे. त्याचे सूत्र साधे आहे. तरुण वयातही प्रत्येक प्रयत्नात अपयशाची शक्यता यशापेक्षा अधिक असते. म्हणून हातातील सर्व रक्कम पहिल्याच खेपेत संपवू नये. एकूण रकमेचे आधीच दोन भाग करून दुसरा भाग बाजूला ठेवावा, प्रत्येक भागात रुग्णालयाच्या आकड्याशेजारी मुक्काम, प्रवास आणि बुडणारी मिळकत लिहावी, आणि कोणत्या रकमेपाशी थांबायचे हे पती-पत्नींनी उपचारांआधीच बोलून ठरवावे. अपयशाच्या निरोपानंतर, लॉजच्या खोलीत बसून घ्यायचा तो निर्णय नव्हे.