ज्ञान मोठे की सुख?

‘अज्ञानात सुख असते,’ असे आपल्या घरांत सहज म्हटले जाते. मुलगी जास्त शिकली की प्रश्न विचारते आणि मग बेचैन होते, अशी तक्रार काही पालक आमच्याकडेही करतात.

आपल्याकडे याचे उत्तर आहे. सूरह ताहामध्ये ज्ञान वाढावे म्हणून दुआ शिकवली आहे. इल्म मिळवताना त्रास झाला तरी त्याचा अज्र अल्लाहकडे आहे, हा आपला ईमान. पण ज्याचा आखिरतवर विश्वासच नाही, त्याने सुख सोडून ज्ञान का निवडावे?

इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल याच्यापुढे हा प्रश्न खरोखर उभा राहिला. त्याचे वडील जेम्स मिल यांनी त्याला कोणत्याही धर्मश्रद्धेशिवाय वाढवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन! जगाचे सुख वाढवणे हेच त्याचे ध्येय ठरले. १८२६ साली, विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला विचारले, ‘हव्या त्या सगळ्या सुधारणा आज झाल्या, तर मी सुखी होईन का?’ मनाने ‘नाही’ म्हटले. त्यानंतर कित्येक महिने तो खिन्न होता. पुढे वर्ड्सवर्थच्या कवितांनी त्याला आधार दिला. सुखाचा पाठलाग न करता चांगल्या कामात गुंतलो, तर सुख वाटेत भेटते, हे त्याला उमगले.

एवढे सोसूनही त्याने ज्ञानाला दोष दिला नाही. सुख हेच मोजमाप मानणाऱ्या या माणसाने १८६१ साली लिहिले, की ज्याने विचारी जीवन आणि अडाण्याचे समाधान दोन्ही ओळखले, तो अडाणी होणे पत्करणार नाही. कारण माणसाला स्वतःच्या प्रतिष्ठेची जाणीव असते. आपण म्हणतो, अक्कल ही अल्लाहची अमानत आहे. त्याने ती अमानत मानली नाही, तरी टाकून दिली नाही.

म्हणून ‘ईमान नाही, मग दुःख होणारच,’ असे म्हणण्याची घाई आपण करू नये. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशातले नामवंत आलिम. १०९५ साली त्यांनाही आतून इतकी घालमेल झाली की शिकवताना जीभ उचलेना. आपण अध्यापन अल्लाहसाठी करतो की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी मोठे पद सोडले, इल्म सोडला नाही.

बेचैनी दोघांनाही आली. दोघांनीही ती ज्ञान कमी करून मिटवली नाही. ज्ञान कशासाठी, हे नव्याने तपासले.

तेव्हा घरातले मूल अवघड प्रश्न विचारू लागले, तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर ‘चल, दोघे मिळून शोधू’ म्हणा. गप्प बसवलेले मूल समाधानी दिसते खरे, पण पुढचा प्रश्न ते आपल्याला विचारत नाही.