आधी दवाखाना तगवा!

मराठवाड्यातला २०२५ चा पूर ओसरला, पाहणी दौरे आटोपले, राज्य सरकारचे ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेजही जाहीर झाले. हेक्टरी मदतीवरून वाद पेटला. तो पेटायलाच हवा होता. पण पायाभूत सुविधांच्या नावाने दाखवलेल्या दहा हजार कोटींतून किती आरोग्य केंद्रे पूररेषेबाहेर जाणार, किती दवाखान्यांना सौरवीज मिळणार, हे विचारावे असे मराठवाड्याच्या पुढाऱ्यांना वाटलेले दिसत नाही. शेत बुडाले की पंचनामा होतो. दवाखाना बंद पडला तर त्याचा पंचनामा कोण करणार?

रस्ता वाहून गेला म्हणून बाळंतपण थांबत नाही. वीज गेली की परिचारिका लसी बर्फाच्या पिशव्या लावलेल्या शीतपेटीत हलवते आणि तापमापीकडे बघत बसते. लस दोन ते आठ अंशांतच टिकते. महावितरणचा माणूस येईपर्यंत लस वाट पाहत नाही. पाणी उतरते तसे सर्पदंश, जुलाब, ताप वाढतात. तालुक्याला जे झेपत नाही ते छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येते. बुलडाणा, अहिल्यानगरचेही रुग्ण याच घाटीच्या वऱ्हांड्यात पथारी टाकतात.

उन्हाळ्यात तर कागदी घोडे चौखूर उधळतात. मार्च उजाडला की उष्माघात कक्षाचे फर्मान निघते. खाटा, कूलर, ओआरएसची पाकिटे मांडून फोटो काढला जातो. कूलरमध्ये ओतायला पाणी? मलिक अंबरच्या नहरींच्या या शहरात जायकवाडी धरण उशाशी असूनही नळाला आठ-आठ दिवस पाणी नसते. २०२० मध्ये १,६८० कोटींची म्हणून नारळ फोडलेली पाणी योजना २,७४० कोटींवर गेली!

हवामान बदल आणि मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल, ऊर्जा लेखापरीक्षण, पावसाचे पाणी साठवणे, सगळे कागदावर चोख आहे. पण छत बांधकाम खात्याचे, नळ महापालिकेचा, वीज महावितरणची. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती काय? पत्रव्यवहार! भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये आगीत दहा अर्भके दगावली, फायर ऑडिटचे आदेश सुटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. आदेशाने काही तगत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने आपले थेट कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरवले आहे. आपल्याला आधी नळाला पाणी आणि शस्त्रक्रियागृहात दिवा हवा. दवाखान्यात कुठे गळते, कुठली वायर तापते, हे तिथल्या परिचारिकेला आणि डॉक्टरला मंत्रालयापेक्षा जास्त कळते. तरीही त्यांच्या वाट्याला कार्यशाळा, शपथ आणि सेल्फी.

डॉक्टर, परिचारिका आणि आशा सेविकांना दवाखाना तगवण्याच्या कामात खर्चाचा अधिकार द्या आणि पॅकेजमधला ठरावीक हिस्सा दवाखान्यांसाठी बाजूला काढा. पुढच्या पावसाळ्याआधी हे झाले नाही, तर पुढचे बळी निसर्गाच्या नव्हे, सरकारच्या खाती मांडावे लागतील.