विश्लेषण : जिन्याखाली दुचाकी, टपाल पायरीवर

डोंबिवली, नालासोपाऱ्यातील अनेक जुन्या इमारतींत पार्किंगची सोयच नाही. त्यामुळे गल्लीत दुतर्फा मोटारी आणि जिन्याखाली, टपालपेट्यांना खेटून दुचाकी उभ्या असतात.

टपालाचा संबंध काय?
पोस्टमनला गाडी नाक्यावर लावून पायी आत यावे लागते. पेटीपर्यंत हात पोहोचला नाही, की पत्रे पायरीवर राहतात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. असे टपाल हातोहात द्यावे लागते. घराला कुलूप असले, तर ते टपाल कार्यालयात परत जाते. मागे उरते ती सूचनेची चिठ्ठी. तीच हरवली, तर टपाल आल्याचे कळणार कसे?

नुकसान कोणाचे?
योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस न घेता परत गेली, तरी ती बजावली गेली असे न्यायालय गृहीत धरू शकते.

उपाय काय?
रस्त्यावर प्रवेशद्वार अडवणे हा नियमभंग आहे. तिथे वाहतूक पोलिसांनी कारवाई करावी. जिन्याखालची शिस्त मात्र सोसायटीनेच लावायची आहे. पार्किंगला जागा नाही, हे मान्य. पण पेट्यांसमोर दोन फूट जागा मोकळी ठेवणे कोणत्याही सोसायटीला जमण्यासारखे आहे.