पावती वाचता येते का?



गेल्या काजूच्या हंगामात एका रविवारी मिस्साबलीनंतर एक वयोवृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "फादर, एवढं वाचून सांगा. सोसायटीनं मला फसवलं की काय?"

ती सहकारी विक्री संस्थेची पावती होती. काजूबीचे वजन, प्रत, दर आणि त्याखाली वजावटी : हमाली, कमिशन, घेतलेल्या उचलीची परतफेड, भागभांडवल. सेमिनरीत मी पुष्कळ ग्रंथ वाचले. परंतु भागभांडवलाकडे वळविलेली रक्कम अखेर कोणाची, हे मलाही चटकन सांगता येईना. आम्ही दोघे चिटणीसांकडे गेलो. पंधरा मिनिटांत उलगडा झाला. ती रक्कम त्या गृहस्थांच्याच नावे जमा होती. फसविले कोणीच नव्हते. पण समजावूनही कोणी सांगितले नव्हते. दरम्यान, त्या एका संशयापायी त्यांनी उरलेली सारी बी व्यापाऱ्याला देऊन टाकली होती.

सहकारी संस्था पुष्कळदा अशाच मोडतात. संस्थेचे बळ तिच्या ढिगात असते. पन्नास घरांची बी एकत्र आली तर खरेदीदार दाराशी येतो. दहाच घरांची आली तर आपणच त्याच्या दाराशी जातो. गोदामाचे भाडे आणि नोकराचा पगार मात्र तेवढाच राहतो व तो त्या दहांच्या माथी बसतो. चार दिवस चढा भाव देणाऱ्याला हे गणित पक्के ठाऊक असते. सभासदाला ते ठाऊक नसते, हेच आपले दुखणे.

इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या २८ कष्टकऱ्यांनी १८४४ साली सहकारी दुकान उघडले. पुढे त्यांनी नफ्यातील शेकडा अडीच हिस्सा शिक्षणासाठी काढून ठेवण्याचा नियम केला. दुकान चालविणाऱ्यांना वाचनालय कशाला, असे त्यांना वाटले नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली मांडलेल्या सात तत्त्वांतही सभासदांच्या शिक्षणाला स्वतंत्र स्थान आहे.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात फादर मोझेस कोडी यांनी हाच मार्ग धरला. अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ साली लोकशिक्षणाचा विभाग काढून तो त्यांच्याकडे सोपविला. फादरांनी आधी संस्था काढल्या नाहीत. शेतकरी, कोळी व खाणकामगार यांची लहान लहान अभ्यासमंडळे त्यांनी घराघरांतून बसविली. आपला माल कोण घेतो, केवढ्याला विकतो, मधला पैसा कोठे जातो, हे लोकांनी स्वतः शोधले. त्यातून पतपेढ्या व विक्री संस्था उभ्या राहिल्या.

आपल्याला हे अवघड आहे काय? आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि वार्षिक सभा त्यानंतर सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. मधले पावसाळ्याचे दिवस अभ्यासाचेच. आठदहा घरांनी आठवड्यातून एक सायंकाळ एकत्र बसावे. पहिला धडा मालाचा : बोंडाचा गर पुरता काढावा, बी दोनतीन दिवस उन्हात वाळवावी, अपक्व बी वेगळी करावी. अशी बी पाण्यावर तरंगते, म्हणून ओळखणे सोपे असते. एका घराची ओली बी साऱ्या ढिगाची प्रत घालविते. दुसरा धडा पावतीचा, तिसरा ताळेबंदाचा व लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांचा. चौथा मताचा : भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, म्हणून गरिबाने सभेत मागे बसण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. बागेत बी वेचणारे हात बहुधा आयाबहिणींचे असतात. सभासदांच्या यादीत मात्र त्यांची नावे शोधावी लागतात. जी वेचते तिलाही भाग घेऊ द्या, सभेत बोलू द्या. घरातला हिशेब ती रोजच सांभाळते. संस्थेचा तिला परका वाटणार नाही.

अज्ञानी सभासदांची संस्था प्रामाणिक माणसांच्या हातीही टिकत नाही, कारण प्रत्येक वजावट तिथे चोरी वाटते. आणि खरोखरच चोरी झाली, तर ती तिथे कोणाला दिसतही नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी आपापल्या पावत्या घेऊन या. मी त्या वाचून दाखविणार नाही. तुमच्याकडून वाचून घेणार आहे.